बुडबुडा नसलेलं डिप

ती. ताईस,

धाकट्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. हात चार वेळा धुतले आहेत, तरी लसणाचा वास जात नाही, तेव्हा पत्र नाकापासून जरा लांब धरून वाच. (तुला लांबूनच दिसतं हे ठाऊक आहे. चष्मा काही तू लावणार नाहीस.) भावोजींचा गुडघा कसा आहे? जिना चढताना कट् असा आवाज येतो म्हणाले होते. तो अजून येतो का, आणि येत असेल तर एकाच गुडघ्यातून येतो की दुसऱ्यानेही शिकून घेतला? तुझी झोप, तुझं पित्त, शेजारणीशी धरलेला अबोला, सगळ्याची खुशाली सविस्तर कळव. मी इकडे ठणठणीत आहे. वजन मात्र दोन किलोंनी वाढलं आहे आणि त्याला सर्वस्वी तू जबाबदार आहेस.

म्हणजे तू सांगितलेलं ते डिप. पत्र त्याच्याविषयी तक्रार करण्यासाठी लिहितो आहे. फोन केला असता, पण फोनवर मी एक वाक्य बोललो की तू तीन बोलतेस आणि शेवटी मीच कशाची तरी माफी मागून फोन ठेवतो. कागदावर तुला मध्येच तोंड घालता येत नाही, हा मोठा फायदा आहे.

तक्रार अशी. पाहुण्यांसाठी काहीतरी मऊ, खारं, मलईदार सांग, असं मी तुला विचारलं, तेव्हा तू दोन मिनिटांत घडाघडा सांगून मोकळी झालीस. दही फडक्यात बांधून टांग, त्यात चीज घाल, साय घाल, लसूण भाजून घाल, मिरपूड, कांद्याची पात, लिंबू पिळ, सगळं छान फेट, झालं. मी कागद-पेन घेऊन बसलो होतो. दही किती, म्हटलं, तर ‘पुरेसं’. लसूण किती, तर ‘चवीला लागेल इतका’. किती वेळ फेटायचं, तर ‘हाताला कळतं रे’. ताई, मी सत्तावीस वर्षं कवळ्या बनवतो. प्लॅस्टरच्या शंभर ग्रॅम भुकटीला तीस मिलिलिटर पाणी, चाळीस सेकंद ढवळायचं, एक सेकंद जास्त नाही. माझ्या हाताला काहीही कळत नाही, जे कळतं ते काट्याला आणि घड्याळाला. हे तुला ठाऊक असूनही तू मला ‘पुरेसं’ असं सांगितलंस, याची नोंद असावी.

आता तू भुवई उंचावून विचारशील, की माझ्याकडे पाहुणे कुठले? (उंचावलीसच. मला इथून दिसते आहे.) गेल्या अकरा वर्षांत माझ्याकडे पाहुणे म्हणून फक्त तुम्ही दोघं आणि एकदा चुकून वरच्या मजल्यावरच्यांची मांजर आली आहे. तर माझ्या खोलीच्या बरोबर खाली चष्म्यांचं दुकान आहे, हे तू पाहिलं आहेस. भिंतीवर मोठ्या अक्षरांपासून मुंगीएवढ्या अक्षरांपर्यंतचा तो तक्ता आहे बघ, तो वाचायला सांगितल्यावर तू पहिल्या ओळीतच विषय बदलला होतास. ते दुकान एक बाई चालवतात. बारा वर्षं एकट्याच दुकानही सांभाळतात आणि आईलाही. वय पंचेचाळीस. हसताना आधी चष्मा काढून ठेवतात, मग हसतात. का ते मला अजून कळलेलं नाही, पण ते बघायला मी बरेच विनोद पाठ केले आहेत. बस, यापुढे काही विचारू नकोस.

बरं, विचारलंसच तर सांगतो. मला त्यांच्याशी लग्न करायचं आहे. लिहून टाकलं. कान गरम झाले, पण लिहून टाकलं. त्यांचीही ना नाही. अडचण होती ती त्यांच्या मातोश्रींची. मातोश्री एक्याऐंशी वर्षांच्या, कडक, ताठ, आणि तोंडात मी बनवलेली कवळी. इथेच सगळं घोडं अडलं होतं.

तुला एक सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं समजेल. आमच्या धंद्यात आम्ही माणसांची तोंडं कधीच बघत नाही. दातांचे डॉक्टर तोंडात लगदा कोंबून ठसा घेतात, तो ठसा माझ्याकडे येतो, मी त्यात प्लॅस्टर ओततो, त्यावर मेण, त्यात दात, आणि तयार कवळी परत डॉक्टरांकडे. माझ्या खिडकीत ओळीने तीस-चाळीस जबडे मांडलेले असतात, पण त्यांचे मालक रस्त्यात समोर आले तर मी ओळखणार नाही. (जांभई दिली तर ओळखीन.) मातोश्रींची कवळी अशीच आली, अशीच गेली. आणि चार महिन्यांपूर्वी एका बुधवारी, दुपारी दुकान बंद करून, त्यांची मुलगी जिना चढून वर आली आणि म्हणाली, ‘आई म्हणते, नव्या कवळीनं हिरडी सोलली.’ मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवा. तर म्हणे, ‘आई डॉक्टरांपुढे पुन्हा तोंड उघडायला तयार नाही.’ पुढच्या बुधवारी नवी तक्रार, चावताना टकटक वाजते. त्याच्या पुढच्या बुधवारी, बोलताना शिट्टी येते. ताई, खोटं कशाला सांगू, मंगळवारपासून मी खोली झाडायला लागलो. तक्रार ऐकायची, चहा करायचा, तक्रार वहीत लिहायची, आणि मग तासभर भलत्याच गोष्टी बोलायच्या. आयुष्यात इतक्या आनंदाने कुणी माझ्या कामाला नावं ठेवली नव्हती.

पण मग लग्नाचा विषय निघाला आणि मातोश्रींनी तो एका वाक्यात निकालात काढला. ज्याला माझ्या तोंडात बत्तीस दात नीट बसवता आले नाहीत, तो आपल्या घरात काय नीट बसणार? (अठ्ठावीस असतात. पूर्ण कवळीत अक्कलदाढा नसतात. पण हे सांगायची ती वेळ नव्हती.) मुलीने महिनाभर समजूत घातली, शेवटी मातोश्री एवढ्यावर राजी झाल्या की एकदा येऊन माणूस बघते, रविवारी चार वाजता, चहाला, आणि मग या विषयावर घरात पुन्हा बोलायचं नाही. म्हणजे काय ते तूच समज. एक दुपार. त्यावर सगळं. आणि मुलीने जाता जाता सांगितलं, खायला मऊच काहीतरी करा, त्यांना कडक काही चावत नाही. का चावत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून आम्ही जिन्याच्या कठड्याकडे बघत राहिलो.

तर आता कृतीकडे. स्वयंपाकाचा माझा ओटा एका ताटाएवढा, हे तू जाणतेसच, म्हणून सगळा पसारा बाहेरच्या कामाच्या टेबलावर मांडला. दही शनिवारी सकाळी बांधलं. तू म्हणालीस पाणी निथळू दे. किती, ते अर्थातच नाही सांगितलंस. दुपारपर्यंत थेंब पडत होते, मला वाटलं अजून आहे, म्हणून पुरचुंडी चाळणीत ठेवून वर वजन म्हणून प्लॅस्टरचे अकरा जबडे ठेवले. रविवारी सकाळी फडकं सोडलं तर दह्याचा जो गोळा निघाला, तो टेबलावर ठेवताना टक् असा आवाज आला. लसूण भाजायला गॅस मोकळा नव्हता (त्यावर साय आटत होती, तू आटव म्हणाली नव्हतीस, पण मला ती पातळ वाटली), म्हणून मेण वितळवायच्या स्पिरिटच्या दिव्यावर पाकळ्या चिमट्यात धरून एकेक भाजल्या. चौतीस पाकळ्या. चवीला लागेल इतका, असं तू म्हणालीस, आणि मला चव लागेना, कारण मेणाच्या वासाने नाक बंद झालं होतं. लिंबू पिळलं ते चुकून गरम सायीत, ती फाटली. ती फेकली, दुसरी आणली. दुसरीच्या वेळी लिंबाकडे बघितलंसुद्धा नाही.

मग सगळं एकत्र करून फेटायला घेतलं, आणि ताई, देवाशपथ सांगतो, ते सुंदर झालं. दहा मिनिटांत हलकं, पांढरंशुभ्र, फुललेलं, चमच्यावर डुलणारं. तू म्हणाली होतीस ना, हवा भरली पाहिजे, हलकं झालं की समज जमलं, तस्संच. मी वाटी उजेडात धरली, आणि डोळ्याला कामाचं भिंग लावलं. बुडबुडे! हजारो! पृष्ठभागावर, कडेला, आत, जिकडे बघावं तिकडे. तुला सांगून समजणार नाही. माझ्या धंद्यात बुडबुडा म्हणजे सत्यानाश. साच्यात राईएवढा एक बुडबुडा राहिला की कवळीत तिथे गाठ येते आणि कुणाच्या तरी हिरडीला महिनाभर टोचते. सत्तावीस वर्षं मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत फक्त बुडबुडे शोधतो आणि मारतो. आणि आज, त्याच मातोश्रींसमोर, ज्यांच्या मते माझ्या कामात खोट आहे, मी बुडबुड्यांनी भरलेली वाटी ठेवणार? तू हवा भर म्हणालीस हे मला आठवत होतं. पण हात ऐकेनात.

माझ्याकडे एक छोटं थरथरणारं टेबल आहे, प्लॅस्टरमधली हवा काढायला. त्याच्यावर साचा ठेवायचा, बटण दाबायचं, ते थडथड हलतं आणि हवा वर येऊन फुटते. मी वाटी त्याच्यावर ठेवली. फक्त एक मिनिट, असं ठरवून. मग भिंग लावून बघितलं, खाली अजून थोडे होते. मग आणखी दोन मिनिटं. शेवटी सात मिनिटांनी एकही उरला नाही आणि मला असं गार गार वाटलं म्हणून सांगू! डिप निम्म्यावर बसलं होतं, पण काय पृष्ठभाग, आरसा! कडा मेणाच्या सुरीने साफ केल्या, वरून पात भुरभुरली, आणि वाटी फ्रिजमध्ये ठेवली. तीन वाजता बाहेर काढून चमचा रोवून बघितला. चमचा उभा राहिला. चमचा उभा राहतो म्हणजे मलईदार झालं असणार, अशी मी स्वतःची समजूत घातली, कारण दुसरी घालायला वेळ नव्हता.

बरोबर चारला जिन्यावर काठीचा आवाज आला. मातोश्री आल्या, दारात थांबल्या, खिडकीतल्या जबड्यांच्या ओळीकडे डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाल्या, ‘फुलदाण्या छान आहेत.’ मुलीने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. (ताई, चष्म्यांच्या दुकानाच्या मालकिणीची आई, आणि चष्मा लावत नाही! घरात सहा जोड्या आहेत म्हणे. चष्म्याने माणूस म्हातारं दिसतं, असं एक्याऐंशीव्या वर्षी त्यांचं मत आहे. तुमची दोघींची गाठ पडली तर किती जमेल, या विचाराने मला धडकीच भरली.) मग त्या खुर्चीत ताठ बसल्या, आणि मला ‘अहो कवळीवाले’ अशी हाक मारून चौकशीला सुरुवात केली. घर स्वतःचं का? घोरता का? बहीण आहे म्हणे, ती फार लक्ष घालते का? मी म्हटलं, ती अजिबात लक्ष घालत नाही. (हे मी तुझ्यासाठी बोललो. लक्षात ठेव.)

मग मी वाटी पुढे केली. सोबत आम्हा दोघांसाठी गाजराचे आणि काकडीचे लांब तुकडे, आणि मातोश्रींसाठी भाजलेल्या पावाच्या पट्ट्या. मातोश्रींनी गाजराकडे अशा नजरेने बघितलं, की हे मला चिडवायला ठेवलं आहे का, आणि पावाची पट्टी उचलली. ती डिपात घातली. ती आत गेली, बाहेर येईना. त्यांनी ओढली, वाटी सोबत आली. मुलीने वाटी धरली, मी मुलीचा हात धरला (घाईत धरला, पण धरला), मातोश्रींनी जोर लावला, आणि पट्टी सुटली ती टोकाला लिंबाएवढा गोळा घेऊन. तो त्यांनी तोंडात घातला. चावला. आणि मग त्यांचा चेहरा बदलला. तोंड उघडेना. बंदही नीट होईना. डिपाने वरचा आणि खालचा जबडा असा काही जुळवून धरला होता की मी हयातभर इतका पक्का सांधा केलेला नाही. मातोश्री पट्टीचं बाहेरचं टोक धरून ओढू लागल्या. मी उठलो, म्हटलं हळू, बाजूने, आणि त्याच क्षणी प्लॉप असा आवाज येऊन पट्टी, गोळा आणि खालची कवळी सगळं एकत्र बाहेर आलं, आणि थेट वाटीत पडलं. कवळी उपडी. दात खाली.

मुलगी पांढरीफटक पडली. मातोश्रींनी तोंडावर पदर घेतला, आणि त्या कडक बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ते रागाचं नव्हतं, ताई. लोकांसमोर दात पडल्याची लाज ती. माझं तर काळीजच तुटलं. त्या क्षणी मला लग्न, चहा, डिप काही सुचलं नाही, फक्त एवढंच वाटलं की माझ्या हातच्या दोन वस्तूंनी मिळून एका म्हातारीला रडवलं. मी गुडघ्यावर बसलो, मेणाची सुरी घेतली, आणि जशी आम्ही साच्यातून कवळी सोडवतो तशी अगदी हळूच कवळी डिपातून उचलली.

आणि खाली ठसा. काय सांगू तुला! सात मिनिटं थरथरवलेल्या, एकही बुडबुडा नसलेल्या, गार डिपात उमटलेला ठसा! प्रत्येक दाताची कड, प्रत्येक खाच, असा स्वच्छ ठसा डॉक्टरांनी मला सत्तावीस वर्षांत एकदाही पाठवलेला नाही. मी सगळं विसरलो. भिंग लावलं, वाटी खिडकीपाशी नेली, फिरवून फिरवून बघितली. चारही बाजूंनी दात कवायतीला उभे केल्यासारखे सरळ, आणि टोकं इतकी झिजलेली की पंधरा वर्षं तरी चावलेली असावीत. आता माझी एक खोड आहे. कुणाच्याही तोंडात निसर्गाने दात पट्टी लावून बसवलेले नसतात, म्हणून मी प्रत्येक कवळीत खालचा डावा सुळा केसभर तिरका बसवतो. कुणाला कळत नाही, मला कळतो. या ठशात डावा सुळा सरळ होता. मी वाटी हातात घेऊन वळलो आणि खोलीभर ओरडलो, ‘हे माझे दात नाहीत!’

मातोश्री पदराआडून एवढंच म्हणाल्या, ‘मग कुणाचे?’ खालच्या दातांशिवाय म्हणाल्या, त्यामुळे ते जरा हवेशीर आलं, पण प्रश्न चोख होता.

मी विचारलं, तुमच्याकडे दुसरी कवळी आहे का? आहे तर! जुनी. ती त्या कायम पिशवीत बाळगतात, भेटेल त्याला दाखवायला, की बघा, या जुनीने पंधरा वर्षांत कधी त्रास दिला नाही आणि त्या नव्या मेलीने चार महिन्यांत जीव नकोसा केला. मग ती घालत का नाही? तर डॉक्टरांनी सांगितलं, नवीची सवय होईपर्यंत नवीच वापरा, आणि त्या सांगितलेलं मोडणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यांनी पिशवीतून चष्म्याचं एक तपकिरी घर काढलं. (मुलीच्या दुकानातली दोन तपकिरी घरं, अगदी एकासारखं एक. घरातल्या चष्म्याच्या घरांचा त्यांनी केलेला हा एकमेव उपयोग.) मी उघडलं. झाकणाच्या आत मुलीच्या सुबक अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली: ‘नवी’. आणि त्यात माझी कवळी. कोरी करकरीत. डावा सुळा केसभर तिरका.

चार महिने, ताई! चार महिने त्या बाई झिजलेली, सैल झालेली जुनी कवळी नवी समजून निष्ठेने घालत होत्या, आणि माझी नवी कवळी जुनी म्हणून गावाला दाखवून तिची तारीफ करत होत्या! चिठ्ठी होती, पण वाचायला चष्मा लागतो. मी ती नवी कवळी नळाखाली धुतली, हातात दिली आणि पाठ फिरवून उभा राहिलो. मागे जरा खुडबुड झाली. आणि मग, ताई, कट्टाक्! मी वळलो. मातोश्रींच्या हातात अर्धं गाजर होतं. त्यांनी उरलेलं चावलं, कट्टाक्. दुसरं घेतलं. ताटलीतली सगळी गाजरं त्यांनी आमच्याकडे न बघता संपवली, मग काकड्या, मग पावाच्या पट्ट्यांच्या कडक कडा. मुलीने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि जी हसायला लागली, ती हसता हसता खुर्चीवरून घसरायचीच बाकी होती. मीही हसलो. शेवटी मातोश्रीही हसल्या, आणि दात दिसले, माझे, काय शोभत होते म्हणून सांगू!

माफी वगैरे त्यांनी मागितली नाही, ती त्यांची पद्धत नाही. म्हणाल्या, दात ठीक आहेत. मग ती वाटी जवळ ओढली, ज्यात त्यांच्या जुन्या दातांचा ठसा होता ती, आणि तो ठसा चमच्याने मोडून डिप खायला लागल्या. लसूण जरा जास्त आहे, म्हणाल्या, पण अंगात घट्टपणा आहे, आजकाल सगळं फसफशीत असतं. निघताना दारात थांबल्या, काठी टेकवली, आणि मला म्हणाल्या, ‘अरे, उरलेलं डब्यात भरून दे खाली. आणि पुढच्या रविवारी जेवायला ये.’ अरे, म्हणाल्या. अहो कवळीवाले नाही. मी दार लावलं. डोळ्यांत पाणी आलं ते चौतीस पाकळ्यांमुळे, असं तुला सांगणार होतो, पण तू ओळखशीलच. दहा वर्षांपूर्वी तू माझ्या लग्नाचं विचारायचं सोडलंस, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आणि थोड्या दिवसांनी वाईटही वाटलं होतं, ते तुला कधी सांगितलं नाही.

असो. एकूण तक्रार ही, की तुझी कृती संदिग्ध आहे आणि ती कुणालाही देण्याआधी त्यात ग्रॅम, मिनिटं आणि सावधगिरीची सूचना घालावी. भावोजींना नमस्कार, त्यांच्या गुडघ्याला स्वतंत्र. शेजारणीशी आता बोलायला लाग, तुलाच करमत नसेल.

तुझा
ठोंब्या

ता. क. डिपाची कृती माझी स्वतःची आहे असं मी मातोश्रींना सांगितलं आहे. तुला विचारलंच, तर मी लहानपणापासून ते करतो असं सांग. तुझी कृती त्यांना चालणारही नाही, कारण त्यात हवा असते. काल मी तुझ्या पद्धतीने, फुललेलं, हलकं, अगदी तू म्हणतेस तसं करून खाली पाठवलं, तर वाटी तशीच परत आली आणि निरोप आला, की याला दम नाही.

आणखी ता. क. तुला कुठे विचारतील, ते लिहायचं राहिलंच. (राहिलं नाही. सुरुवातीपासून तेच लिहायचं होतं, पण हात दह्याकडेच वळत होता.) त्या रविवारी जेवायला गेलो, तेव्हा मातोश्रींनीच तारीख ठरवली: येत्या शुक्रवारचा पुढचा शुक्रवार, सकाळी अकरा वाजता, विवाह नोंदणीच्या कचेरीत. साक्षीदार लागतात. तिच्या बाजूने मातोश्री आहेत. माझ्या बाजूने तू. दुसरं कुणी मला नकोच आहे. आई गेल्यापासून माझ्या प्रत्येक कागदावर तूच सही केली आहेस, शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून, तेव्हा हाही तुझाच. येतेस ना? फक्त, ताई, चष्मा आण. कचेरीत सहीच्या जागा बारीक अक्षरांत छापलेल्या असतात, आणि तू आणि मातोश्री दोघी बिनचष्म्याच्या बसलात, तर संध्याकाळपर्यंत लग्न कुणाचं कुणाशी लागलं असेल, सांगता यायचं नाही.

शेवटचा ता. क. पत्र बंद करण्याआधी तिला वाचायला दिलं. तिने शेवटपर्यंत वाचलं, चष्मा काढून ठेवला, आणि म्हणाली, एक गोष्ट चुकली आहे. त्या चिठ्ठ्या मीच चिकटवल्या होत्या ना? आईकडून त्या दोन तपकिरी घरांची अदलाबदल झाली आहे हे तिला सहाव्या बुधवारीच कळलं होतं. सहाव्या, ताई! मी विचारलं, मग आईला का नाही सांगितलंस? तर मातोश्री घरी त्याच जुन्या दातांनी शेंगदाणे फोडून खातात म्हणे, तोंड दुखतं ते फक्त माझा विषय निघाला की. बरं, मग मला का नाही सांगितलंस? तर माझ्या वहीत लिहिलेल्या तक्रारींवर बोट ठेवून म्हणाली, सांगितलं असतं, तर सातव्या बुधवारी वर यायला कारण काय सांगितलं असतं? यावर चिडावं असं मी ठरवलं आहे, आणि तिला तसं बजावलंही आहे. पण आज बुधवार आहे, दुकान नुकतंच बंद झाल्याचा आवाज आला, आणि ती जिना चढते आहे. आता तिच्याकडे एकही तक्रार उरलेली नाही, तरी चढते आहे. तेव्हा इथेच थांबतो.